कालव्याच्या रांगेची पाळी

युनलिन,
१२ मार्च २०२४

प्रिय वान-जू,

बरी आहेस ना? मी बरी आहे, गुडघे सोडले तर. पाकिटावर मुद्दामच नाव घातलं नाही, पण अक्षर तू ओळखलं असणार. वीस वर्षांनी ही बया कुठून उगवली म्हणून कपाळाला आठ्या घातल्या असशील. घाल. फक्त फाडायच्या आधी खालपर्यंत वाच.

पत्ता कुओने दिला. आठवतो ना तुझ्या वर्गातला कुओ? डब्यातला रताळ्याचा पाला हळूच शेजारच्याच्या डब्यात ढकलायचा, तोच. आता त्याला दोन पोरं आहेत, पोट सुटलंय आणि देवळासमोर इंग्रजीचा क्लास काढलाय. गेल्या उन्हाळ्यात तो फंगहू बेटावर फिरायला गेला होता, तेव्हा बंदराजवळच्या चिक्कीच्या दुकानात तू दिसलीस म्हणे. "बाई तशाच आहेत, फक्त वाऱ्याने काळ्या झाल्यात," म्हणाला. मी त्याला दहादा विचारलं, हसत होत्या का रे? तर मेला म्हणतो, "चिक्की विकताना सगळेच हसतात, बाई."

आता बातमी. आपली शाळा बंद होतेय. यंदा पहिलीत मोजून तीन मुलं. जूनच्या शेवटी कुलूप लागेल. बावीस जूनला, शनिवारी, निरोपाचा कार्यक्रम ठरलाय आणि जुन्या शिक्षकांना बोलावणी धाडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. यादीत तुझं नाव नव्हतं. मी विचारलं तर ऑफिसातली पोरगी म्हणाली, "ज्यांना काढलं होतं त्यांना पण बोलवायचं का, बाई?" मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि यादीत सगळ्यात वर तुझं नाव लिहिलं. तेव्हा तू ये. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

बाकी इथे सगळं जुनंच. लसणाची काढणी सुरू आहे, सगळं गाव लसणाने घमघमतंय. धुतलेले कपडेसुद्धा तसेच वास मारतात. तू या दिवसांत नाकाला रुमाल बांधून फळ्यावर लिहायचीस आणि पोरं तुला डाकू म्हणायची.

कुओने माझ्यामागे एक टुमणं लावलंय. आपल्या पोरांना हमखास चकवणाऱ्या इंग्रजी शब्दांची पुस्तिका करून द्या म्हणतो. ए, बी, सी निभावलं. डीमध्ये गाडी अडली. डिसमिसल. अगं, आपल्याकडे कसं, शाळा सुटली की एक शब्द, कामावरून काढलं की दुसरा, कोर्टाने तक्रार फेटाळली की तिसरा, आणि कोणी आपलं म्हणणं ऐकून न ऐकल्यासारखं उडवून लावलं की चौथा. इंग्रजांनी चौघांना एकाच खोलीत कोंबलंय. वर त्यांचा तो फळीने चेंडू मारायचा खेळ आहे, बेसबॉलसारखाच पण पाच-पाच दिवस चालणारा, त्यात गडी बाद झाला तरी पुन्हा हाच शब्द! आणि आपली पोरं शब्दकोशात पहिला अर्थ दिसला की तोच घेऊन पळतात. परवा एकीने भाषांतर केलं, "रोज दुपारी चार वाजता शाळेला नोकरीवरून काढतात आणि मुलं आनंदाने घरी जातात." दुसऱ्याने इंग्रजीत लिहिलं की माझ्या बाबांचं डिसमिसल रोज सहाला होतं, मग आम्ही जेवतो. बिचाऱ्याला ऑफिस सुटतं म्हणायचं होतं. बाप वाचेल तर घाबरूनच मरेल.

अर्थ मी लिहिलेत. कोणत्या शब्दापुढे काय लागतं, तेही लिहिलं. नोकरीवरून काढण्याचं असेल तर कोणाला काढलं ते सांगायचं, कोणी काढलं ते नाही सांगितलं तरी वाक्य पूर्ण होतं, अशी एक टीपही घातलीय. उदाहरणांपाशी मात्र मी अकरा दिवस बसून आहे. इंग्रजी शाळेत आलं आणि आपल्या दोघींच्या गळ्यात पडलं, तेव्हापासून उदाहरणं तूच करायचीस. माझी उदाहरणं सरकारी परिपत्रकासारखी होतात. तुझी ऐकून पोरं हसायची आणि शब्द जन्मभर लक्षात ठेवायची. सोबत माझा कागद जोडलाय. वेळ मिळाला तर बघ.

त्या नोव्हेंबरबद्दल, पेई-शानच्या पायाबद्दल, तुला ज्यापायी काढलं त्या सगळ्याबद्दल मी यात काही लिहिणार नाही. तुलाही ते उकरून काढायला नको असेल.

तब्येतीला जप. वाऱ्यात डोक्याला काहीतरी बांधत जा.

तुझी
सु-छिनताई


युनलिन,
९ एप्रिल २०२४

प्रिय वान-जू,

पाकीट मिळालं. तुझं अक्षर पाहून मी पोस्टमनलाच चहा पाजला. तो म्हणाला, "लॉटरी लागली का, मावशी?"

पण काय गं, चिठ्ठी एका ओळीचीसुद्धा नाही? पाकीट उलटं करून झटकलं, कोपऱ्यात बोट घालून पाहिलं. नुसता माझाच कागद, लाल शाईने रंगवलेला. पहिल्या वाक्यावर काट. दुसऱ्यावर काट. तिसऱ्याच्या बाजूला "असं जिवंत माणूस बोलत नाही" असा शेरा. मानलेल्या का होईना, मोठ्या बहिणीला असा शेरा देतात का? आणि सगळ्यात खाली तू आपलं एक उदाहरण लिहिलंयस, "तिला शुक्रवारी काढून टाकलं. शनिवारी ती दोन वाडगे शेवया खाऊन समुद्र बघायला गेली." मी मोठ्याने हसले. मग शेजारीण विचारायला आली काय झालं, तेव्हा मला कळलं की मी रडत होते.

पुस्तिकेत ते उदाहरण घातलंय, जसंच्या तसं. कुओ म्हणाला, "यात शेवयांचा काय संबंध?" मी म्हटलं, तुला नाही कळणार, तू छाप.

परवा माझ्या आईच्या थडग्यावर जाऊन आले. गवत काढलं, फुलं ठेवली, घरी येऊन शेंगदाण्याचं कूट आणि साखर घातलेल्या पोळ्यांच्या गुंडाळ्या केल्या. चार केल्या. एकटीला दोन पुरतात, पण हात अजून दोघींचा अंदाज धरतो. आपण शाळेच्या त्या क्वार्टर्समध्ये सहा वर्षं एका खोलीत काढली, वान-जू. एकच पंखा, तोही तुझ्याकडे तोंड करून, कारण तुला उकडलं की तू गायला लागायचीस आणि ते ऐकण्यापेक्षा घामाने भिजलेलं बरं! आई आजारी पडली तेव्हा रोज बसने तिचा डबा तू नेऊन दिलास. आई शेवटपर्यंत विचारत होती, "ती दुसरी कुठे गेली?" मी सांगायची, बदली झाली.

मला तुझी फार आठवण येते. आता या वयात लाजायचं कोणाला?

शाळेतलं सामान हलवताहेत. स्टाफरूमच्या दाराजवळचा रांगांचा फळा काल काढला. वर ओळीने नावं, देवळाची रांग, बाजाराची रांग, कालव्याची रांग. प्रत्येकीखाली खिळा आणि खिळ्याला ज्याची पाळी त्याच्या नावाची लाकडी पाटी. नवी पोरगी मला विचारते, "बाई, मुलं रांगेने घरी जायची? आणि शिक्षक बरोबर चालायचे?" मी म्हटलं, हो तर, ज्याची पाटी तो रांगेबरोबर शेवटच्या वळणापर्यंत जायचा. पोरांच्या पिवळ्या टोप्या मोजल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही आणि शिट्टीशिवाय एकानेही रांग सोडायची नाही. तिला गंमत वाटली. आता सगळे आईबाप स्कूटर घेऊन फाटकाशी उभे असतात.

आपली दोघींची पद्धत मी तिला नाही सांगितली. एकीला लवकर निघायचं असलं की तिने आपली पाटी उतरवून दुसरीची लावायची आणि व्हरांड्यात ओरडायचं, "पाटी!" आणि दुसरीने जिथे असेल तिथून ओरडायचं, "बघितली!" ते ऐकू आलं की मग जायचं. मुख्याध्यापक चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "ही शाळा आहे की मासळीबाजार?"

त्या बुधवारी मी शाळा सुटायच्या वेळी तिथे नव्हते, हे तुला माहीत आहेच. तालुक्याला गेले होते. काम होतं.

बघ, नाही नाही म्हणता मी तिकडेच वळले. जाऊ दे.

बावीस जून विसरू नकोस. बोटीने त्रास होत असेल तर विमानाने ये. उतरायला माझ्याकडेच ये, गादी उन्हात घालून ठेवते. यायचं नसेल तर तसं तरी कळव. लाल शाईने कळवलंस तरी चालेल.

तुझी
सु-छिनताई


युनलिन,
२४ जून २०२४

वान-जू,

तू आली नाहीस.

मी सकाळी सातपासून फाटकाशी उभी होते. प्रत्येक टॅक्सीत डोकावून पाहत होते. शेवटी कुओने मला दंडाला धरून आत नेलं. "बाई, बसा आता, लोक तुम्हाला पाहुणे मोजायला ठेवलंय समजतील," म्हणाला. तुझ्या नावाची खुर्ची माझ्या शेजारी ठेवली होती. तिच्यावर कोणालाही बसू दिलं नाही. एका बाईने पर्स ठेवली तर तिच्यावर खेकसले.

सभागृह भरलं होतं. परतलेल्या शेवया, आंबट आलुबुखाराचं सरबत, पोरांची पोरं इकडून तिकडे धावताहेत. सगळ्यात जुनी म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कागद नेला होता. त्यात शाळा, झाडं, घंटा, सगळं रीतसर होतं. वर गेले, खाली पाहिलं, तुझी खुर्ची दिसली आणि तो कागद मला वाचवेना. मग जे बोलले ते तुला आधी सांगायला हवं होतं. वीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. आता तरी आडपडदा न ठेवता लिहिते.

त्या बुधवारी, म्हणजे शाळा बाराला सुटायच्या दिवशी, कालव्याच्या रांगेची पाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी मला स्थळ बघायला जेवायला बोलावलं होतं. तालुक्यातला तो घड्याळवाला, एक भुवई वर असलेला, आठवतो? त्याच्यासाठी मला केस कुरळे करून घ्यायचे होते आणि पार्लरमध्ये साडेबाराची वेळ मिळाली होती. मी बाराला पाच कमी असताना माझी पाटी उतरवली, तुझी लावली, व्हरांड्यात "पाटी!" म्हणून ओरडले आणि पळाले. तू "बघितली" म्हणाली नाहीस. मला कळलं होतं की तू म्हणाली नाहीस. बस फाटकाबाहेर उभी होती. मी स्वतःशी म्हटलं, असेल जवळच, बघेल.

तू मागे नळावर डस्टर धूत होतीस. पोरं तुझी वाट बघत उभी राहिली, मग मोठी पोरं म्हणाली चला, आणि रांग एकटीच निघाली. कालव्याशी वाऱ्याने पेई-शानची टोपी उडाली. बाई बरोबर असत्या तर "राहू दे टोपी" म्हणाल्या असत्या. ती आठ वर्षांची पोर काठावरून खाली उतरली आणि घसरून पाणी सोडायच्या दाराच्या लोखंडात पाय अडकला. लसणाच्या शेतातल्या माणसाने उडी मारली म्हणून जीव वाचला. मी तेव्हा डोक्यावर ते पार्लरचं तापलेलं टोपलं घेऊन मासिक चाळत बसले होते.

शुक्रवारची सभा तुला सांगायला नकोच. मुख्याध्यापकांनी विचारलं, "फळ्यावर पाटी तुमची, मग तुम्ही होतात कुठे?" तू म्हणालीस, डस्टर धूत होते. मग तू माझ्याकडे पाहिलंस. तोंडाकडे नाही, केसांकडे. नव्या कोऱ्या कुरळ्या केसांकडे. सगळ्यांनी ते केस पाहिले होते, "छान दिसतंय, कुठे केले?" असंही विचारलं होतं, पण कधी केले ते कोणी विचारलं नाही. तुला मात्र त्याच क्षणी सगळं कळलं. मला वाटलं आता तू बोलशील. आणि तू म्हणालीस, "पाटी माझीच आहे." मी टेबलाकडे बघत बसले. एवढंच केलं मी. टेबलाकडे बघत बसले.

तू दरवर्षी नव्या करारावर होतीस, तुला काढायला त्यांना एक कागद पुरला. माझी नोकरी कायमची होती, आई अंथरुणात होती, हे सगळं मी स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं. वीस वर्षांत एकदाही ते पटलं नाही. तू खोकं घेऊन निघालीस तेव्हा दारात थांबून म्हणालीस, "केस छान झालेत, ताई." तू चिडून म्हणालीस की खरंच म्हणालीस, हे मला अजून कळलेलं नाही. घड्याळवाल्याला मी नाही म्हटलं. तो जेवताना चांगला बोलत होता, पण मी ताट तसंच ठेवून उठले.

तर हे सगळं मी माइकवर सांगितलं. आणि पहिल्या रांगेतून आपले मुख्याध्यापक, आता चौऱ्याऐंशीचे, कानात यंत्र, मोठ्याने विचारतात, "काय म्हणतेय ती?" त्यांच्या मुलाने कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "पाटी सु-छिन बाईंनी लावली होती! वान-जू बाईंची चूक नव्हती!" म्हणजे माझा गुन्हा गावाने दोनदा ऐकला. बरंच झालं. म्हातारा म्हणाला, "मग आपण काढलं कोणाला?"

नंतर कोणी माझ्याशी फारसं बोललं नाही. दोघी-तिघी म्हणाल्या, "जाऊ द्या, जुन्या गोष्टी." मी म्हटलं, जाऊ देणाऱ्या तुम्ही कोण? मी बाहेर झेंड्याच्या चौथऱ्यावर जाऊन बसले. तिथे एक मुलगी आली. चालताना डावीकडे झुकत होती, म्हणून ओळखली. पेई-शान. अठ्ठावीस वर्षांची झालीय, बँकेत आहे. मला वाटलं ही आता तोंडात मारेल, आणि मारलं तर मी हलणार नव्हते.

ती शेजारी बसली. म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर वान-जू बाई मला सॉरी का म्हणायच्या?"

मी म्हटलं, "कधी?"

"दर बुधवारी. माझा पाय वर्षभर प्लास्टरमध्ये होता ना. त्या दुपारी घरी यायच्या. इंग्रजी शिकवायच्या, पपई कापून द्यायच्या. जाताना दरवेळी म्हणायच्या, सॉरी पेई-शान, मला यायला उशीर झाला त्या दिवशी. आई त्यांना सुरुवातीला शिव्या द्यायची, झाडू घेऊन धावली होती. त्या झाडू खाऊनही पुढच्या बुधवारी आल्या. शेवटी आईच त्यांच्यासाठी भात राखून ठेवायला लागली."

वान-जू, तुला शाळेने काढल्यावर तू वर्षभर याच गावात येत राहिलीस आणि मला पत्ता नाही. मी त्याच गल्लीतून रोज सायकलने जायची. माझ्या वाट्याचा झाडू तू खाल्लास. माझी माफी तू मागितलीस, एकदा नाही, वर्षभर, दर बुधवारी, एका पोरीसमोर, जिला खरं सांगितलं असतंस तर तू त्याच दिवशी मोकळी झाली असतीस. का केलंस गं असं? माझ्यासाठी? मी त्या लायकीची होते का? निदान एकदा येऊन माझ्या झिंज्या तरी उपटायच्या होत्यास. मी तेवढ्यावर जगले असते.

पेई-शानला मी म्हटलं, "त्या का म्हणायच्या ते मला माहीत नाही. म्हणायला हवं होतं मी." आणि मी ते म्हटलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते विचारलंही नाही. ती उठून गेली आणि थोड्या वेळाने तिने मला एका वाडग्यात शेवया आणून दिल्या. म्हणाली, "खा, सकाळपासून तुम्ही उभ्याच आहात." बस.

तालुक्याच्या शिक्षण खात्याला मी सहीचा जबाब दिलाय. तुझ्या नोकरीच्या कागदावरचा हलगर्जीपणाचा शेरा काढा, असा अर्जही जोडलाय. खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, एवढ्या वर्षांनी कोणाला काय फरक पडतो?" मी म्हटलं, मला पोच द्या. पोच घेतली. ती या पत्राबरोबर ठेवतेय. तिचं काय करायचं ते तू बघ.

तू बावीसला का आली नाहीस, हे मी विचारणार नाही. तो हक्क मी त्या शुक्रवारी घालवला. पण मला तुला बघायचंय. बोट लागते मला, तरी मी येईन. बंदरावर उतरेन, चिक्कीच्या दुकानासमोर उभी राहीन, तू आत ये म्हणालीस तर येईन, नाही म्हणालीस तर त्याच बोटीने परत जाईन. फक्त एक ओळ लिही. 'येऊ नको' असं लिहिलंस तरी ते तू मला लिहिलेलं असेल. वीस वर्षं मला वाटत होतं की तू माझ्याशी बोलणं टाकलंस. खरं तर तोंड मी लपवलं होतं आणि रुसले होते तुझ्यावर.

आधीच्या दोन्ही पत्रांखाली मी, तुझ्या मनाचा विचार न करता, हक्काने 'तुझी ताई' लिहिलं. आज नुसतं नाव लिहितेय. पुढचं तू ठरव.

सु-छिन